फी भरण्याआधी तीन प्रश्न



मृग लागला की वऱ्हाडात दोन खर्च एकदमच दारात येतात. एक बियाण्याचा, दुसरा लेकरांच्या शाळेचा. गटाच्या जूनच्या बैठकीत ‘कॉन्व्हेंटची फी’ म्हणून कर्ज मागणं आता नवीन राहिलं नाही. अचलपूर असो की मूर्तिजापूर, प्रत्येक आईला वाटतं, आपलं झालं ते झालं, लेकराचं तरी भलं व्हावं. यात काहीच वावगं नाही. पण कर्ज काढून फी भरायची, तर आधी शाळेला तीन गोष्टी विचारा.

पहिली, मान्यता कोणत्या वर्गापर्यंत आहे? शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार पहिली ते आठवीची शाळा मान्यतेशिवाय चालवता येत नाही. चालवली तर 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक लिहून घ्या आणि पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात खात्री करा.

दुसरी, फी कोणी ठरवली? राज्याच्या 2011 च्या फी कायद्याप्रमाणे संस्थेनं फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. या समितीत निम्म्या महिला हव्यात. ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं लागू राहते. पावतीशिवाय पैसे देऊ नका.

तिसरी, 25 टक्के मोफत जागांत आपलं लेकरू बसतं का? वर्षाला 1 लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरांनाही हा हक्क आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र यातून वगळल्या आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारनं नियम बदलला होता. 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. गावोगावी जिल्हा परिषदेची शाळा असताना आपल्या वाट्याला काय उरलं असतं? 19 जुलै 2024 ला मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला.

कोणी म्हणेल, एवढं विचारलं तर शाळाच बंद पडेल. पण विनामान्यतेची शाळा वर्षाच्या मधात बंद पडली, तर कर्जाचा हप्ता आपल्याच डोक्यावर राहतो. तशी वेळ आलीच, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत वयाप्रमाणे वर्ग मिळतो. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

एकटीला शाळा उडवून लावू शकते. म्हणून गटातल्या चार-पाच जणी सोबत जा, आणि हे प्रश्न कर्जाचा अर्ज भरण्याआधीच विचारा.