मोटारसायकलीची घरगुती निगा

आमच्या वडिलांच्या पिढींत बाजाराच्या आदल्या रात्रीं गाडीच्या आंसास वंगण घातल्यावांचून घरधनी निजत नसे. वंगणाचें नळकांडें गाडीच्या बुडाशीं टांगलेलेंच असे. गडी विसरला तर कंदील घेऊन धनी स्वतः उठे, कारण कोरड्या आंसाची कुरकुर म्हणजे आपल्या आळसाची गांवभर दवंडी, असें त्यास वाटे. आज त्याच ओसरीपुढें मोटारसायकल उभी असते. पहाटे दूध पोंचवावयाचें, दुपारीं फवारणीचा पंप शेतावर न्यावयाचा, मुलीस शाळेंत सोडावयाचें, आणि रात्रीं वीज आली म्हणजे मोटर चालू करण्यास विहिरीवर धांवावयाचें, हीं सर्व कामें तिच्यावर. असें असतां "साखळीस तेल केव्हां घातलें?" असा प्रश्न केला म्हणजे बाप मुलाकडे पाहतो व मुलगा मिस्त्रीचें नांव सांगतो. बैलाची निगा जो तिऱ्हाइतावर टाकीत नाहीं, त्यानें या वाहनाची निगा मात्र सर्वस्वीं परक्यावर टाकावी, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

आम्हीही त्यांतलेच होतों, हें प्रथम कबूल करतों. एका पावसाळ्यांत लासलगांवच्या बाजाराहून परत येतांना मनमाड दोन कोसांवर राहिलें असतां आमची गाडी आचके देऊन बंद पडली. पाऊस चालू, अंधार पडलेला, आणि किक मारमारून पाय भरून आलेला. शेवटीं गाडी ढकलीत मनमाडास आणली. मिस्त्रीनें कार्बुरेटरच्या वाटीखालचा लहानसा स्क्रू पेचकसानें सैल केला, चहाच्या कपांत आंतलें पेट्रोल उतरविलें, आणि कप दिव्याखालीं धरला. तळाशीं पाण्याचा थेंब वेगळा होऊन बसला होता. "तात्या, गाडीला काय बी झालं नाय, तिला पाणी पाजलंय," असें तो म्हणाला. सारें काम दहा मिनिटांचें. दोन कोस गाडी ढकलण्याची शिक्षा आम्हीं केवळ अज्ञानाबद्दल भोगली. त्या दिवसापासून जें शिकलों, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

पेट्रोलाविषयीं मनमाडास बसून लिहावयाचें म्हणजे एक नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. गांवाजवळ पानेवाडी येथें तेल कंपन्यांचीं मोठीं आगारें आहेत. मुंबईहून जमिनीखालच्या नळांनीं इंधन मनमाडपर्यंत येतें व येथून टँकरांनीं दूरवर जातें. २५ जानेवारी २०११ रोजीं मालेगांवचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे हे याच परिसरांत इंधनाच्या भेसळीचा प्रकार रोखावयास गेले असतां भेसळखोरांनीं त्यांस भर दिवसा जिवंत जाळलें. पेट्रोलांत स्वस्त रॉकेल मिसळून चार पैसे मिळविण्याच्या धंद्यानें एका प्रामाणिक अधिकाऱ्याचा प्राण घेतला. ज्या पेट्रोलासाठीं माणूस मेला, तें आपल्या टाकींत कसें पडतें हें पाहण्याची तसदी आपण ग्राहकांनीं घेऊं नये काय?

ही तसदी फार मोठी नाहीं. प्रत्येक पंपावर गाळणकागद ठेवलेला असावा व मागणाऱ्यास तो द्यावा, असा नियम आहे. नळीचें तोंड पुसून त्या कागदावर पेट्रोलाचा एक थेंब टाकावा. शुद्ध पेट्रोल दोन मिनिटांच्या आंत उडून जातें व मागें डाग ठेवीत नाहीं. रॉकेलासारखा जड पदार्थ मिसळला असेल तर तेलकट डाग राहतो. पेट्रोल रंगीत असल्यास रंगाची छटा राहूं शकते; डाग तेलकट आहे कीं नाहीं एवढेंच पाहावें. मापाविषयीं शंका आल्यास पांच लिटरच्या प्रमाणित मापानें मोजून दाखविण्यास सांगण्याचा व पेट्रोलाची घनता पाहण्याचाही आपणांस हक्क आहे. पुष्कळ शेतकरी संकोचानें मागत नाहींत. कांद्याच्या लिलावांत किलोभर वजनासाठीं व्यापाऱ्याशीं वाद घालणारे आपण पंपावर मात्र मुके होतों!

पाण्याचा प्रश्न मात्र भेसळीहून वेगळा आहे, आणि तो आतां आपल्या उंसाशीं येऊन भिडला आहे. उंसाचा रस, मळी व धान्य यांपासून काढलेलें इथेनॉल पेट्रोलांत मिसळतात. हें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेल्याचें सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें. ऊस लावणाऱ्यानें त्याबद्दल कुरकुर करूं नये. परंतु इथेनॉलचा स्वभाव पाणी ओढण्याचा आहे, हें ध्यानांत ठेवावें. थोडें पाणी असेल तोंवर तें इथेनॉलांत मिसळून जातें व कळतही नाहीं. प्रमाण वाढलें म्हणजे इथेनॉल व पाणी दोन्ही मिळून पेट्रोलापासून फुटतात आणि टाकीच्या तळीं बसतात. म्हणून पावसाळ्यांत गाडी आडोशास उभी करावी, टाकीच्या झांकणाचें रबर फाटलें असल्यास बदलावें, झांकणावर पाणी सांचूं देऊं नये, आणि गाडी महिना-दोन महिने बसून राहणार असेल तर तींत जुनें पेट्रोल कुजवीत ठेवूं नये. शंका आल्यास थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढून घटकाभर स्थिर ठेवावें. तळाशीं निराळा थर दिसला कीं निकाल लागला. जुन्या गाड्यांच्या पेट्रोलाच्या रबरी नळ्याही वेळोवेळीं बोटांनीं दाबून पाहाव्या. चिरा पडल्या असतील किंवा नळी पिठासारखी मऊ लागली तर ती बदलण्यास विलंब करूं नये.

येथेंच एक कडक सूचना देतों. पेट्रोलाचें कोणतेंही काम गोठ्यांत, कडब्याच्या गंजीजवळ किंवा चुलीच्या घरांत करूं नये. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असते. ती वर उडून न जातां जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोंचते. काम उघड्यावर, दिवसाउजेडीं, गाडी थंड झाल्यावर व विडी खिशांत ठेवून करावें.

आतां धुळीकडे वळूं. नांदगांव तालुक्यांतील मुरमाच्या वाटा उन्हाळ्यांत कशा असतात हें सांगावयास नको. इंजिन जेवढें पेट्रोल पितें त्याच्या कितीतरी पट हवा ओढतें, आणि ती हवा गाळणारी जाळी बुजली म्हणजे गाडीची ओढ कमी होते, पेट्रोल अधिक जातें व धूर काळा होतो. जाळी फाटली तर त्याहून वाईट. मग धूळ आंत जाऊन पिस्टन व सिलिंडर घांसते, आणि तो खर्च हजारांच्या घरांत जातो. जाळी स्पंजाची असेल तर रॉकेलांत धुऊन, पिळून, सावलींत वाळवून, थोडें तेल लावून व पुन्हां दाबून बसवावी. कागदाची असेल तर धुवूं नये. तेल पाजलेल्या कागदाच्या जाळीवर हवेचा झोतही मारूं नये. ती सरळ बदलावी. पुस्तिकेंत दिलेलें अंतर चांगल्या रस्त्यांसाठीं असतें. शिवारांत फिरणाऱ्यानें त्याच्या निम्म्यावरच जाळी उघडून पाहावी.

गाडी धुण्याविषयीं मनमाडकरांस उपदेश करण्याची गरज नाहीं. पाण्याची टंचाई ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या सोसली, ते ओल्या फडक्यानें गाडी पुसणें केव्हांच शिकले आहेत, आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्यापेक्षां तेंच बरें. फवाऱ्यानें चाकांच्या बेअरिंगांत व ब्रेकांत पाणी शिरतें.

इंजिनांतील तेल हें आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित. राजदूतसारख्या दोन फेऱ्यांच्या इंजिनाच्या काळीं तेल पेट्रोलांतच मिसळावें लागे, म्हणून त्याचा विसर पडत नसे. १९८५ सालीं हिरो होंडाची सीडी १०० ही चार फेऱ्यांची गाडी आली, पुढें तशाच गाड्या घरोघर झाल्या, आणि तेल पोटांत दडून बसलें. दर आठवड्यास गाडी सपाट जागीं मधल्या स्टँडवर उभी करून तेलाची कांडी पुसून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असलें पाहिजे. कांडी फिरवून बसवावयाची कीं नुसती टेकवावयाची, हें गाडीगणिक वेगळें असतें. तें पुस्तिकेंत पाहावें. आपल्या नेहमींच्या मोटारसायकलींत इंजिन, क्लच व गिअर या तिघांस एकच तेल पुरतें. म्हणून ट्रॅक्टरासाठीं आणलेलें तेल उरलें आहे तर तेंच ओतूं, असा काटकसरीचा विचार करूं नये, त्यानें क्लच घसरतो. तेल बदलतांना इंजिन कोमट असावें. खालचा बोल्ट मात्र बेताचाच आवळावा. इंजिनाची कवची ॲल्युमिनियमची, तिचे आटे मऊ असतात, आणि नांगराचा बोल्ट आवळण्याच्या जोरानें आवळल्यास ते एका दमांत जातात. काढलेलें काळें तेल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतूं नये. कांहीं लोक तें जनावरांच्या जखमेस लावतात. तें विष आहे. जनावर जखम चाटतें हें विसरूं नये.

प्लग काढून पाहणें म्हणजे बैलाची जीभ पाहण्यासारखें आहे. टोंक फिकट तपकिरी असलें तर प्रकृति ठीक. कोरडी काजळी असेल तर जाळी बुजली आहे किंवा पेट्रोलांत खोट आहे. ओलें तेल असेल तर इंजिन तेल जाळीत आहे. पांढरें पडलें असेल तर इंजिन फाजील तापत आहे. प्लग बसवितांना पहिले चार-पांच फेरे हातानेंच द्यावे व मग पाना लावावा.

साखळीविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण येथें पैशाबरोबर हातपायही जातात. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्यानें वेळ वांचविण्यासाठीं इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्यें टाकून, फिरत्या साखळीस फडकें धरलें. फडकें दातेरी चक्रांत ओढलें गेलें आणि त्याबरोबर उजव्या हाताच्या दोन बोटांचीं पेरें गेलीं. म्हणून इंजिन बंद, किल्ली खिशांत, गिअर न्यूट्रल, आणि चाक हातानें फिरवावयाचें. याला अपवाद नाहीं. साखळी रॉकेल व ब्रशानें स्वच्छ करावी, कोरडी पुसावी, आणि मग नव्वद नंबरचें गिअर तेल थेंब-थेंब कड्यांच्या सांध्यांवर सोडावें. घातलेलें तेल रात्रभर मुरूं द्यावें व वरचें पुसून टाकावें, नाहींतर त्यावर धूळ बसून सहाणेप्रमाणें घांसूं लागते. साखळीचा झोल मध्यभागीं सुमारें २० ते ३० मिलिमीटर असावा. चाक फिरवून तीन-चार ठिकाणीं तो पाहावा, कारण जुनी साखळी सर्वत्र सारखी ताणत नाहीं. आवळतांना दोन्ही बाजूंच्या खुणा समान ठेवाव्या, नाहींतर चाक तिरकें बसतें. आणि शेवटीं आंसाचा नट पक्का केला कीं नाहीं हें दोनदां पाहावें. जोडकडीची चिमटी काढली असेल तर तिचें बंद टोंक साखळी ज्या दिशेनें धांवते त्या दिशेस यावें. उलट बसविलेली चिमटी रस्त्यांत निसटते.

मागें बसणारीच्या लुगड्याचा पदर चाकांत जाऊन झालेले अपघात प्रत्येक गांवास ठाऊक आहेत. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकील असें संरक्षण, हातधरणी व पाय ठेवण्यास आधार, हीं मोटारसायकलीस असलींच पाहिजेत असें १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितलें आहे. पिंपें अडकवितां यावीं म्हणून किंवा दिसण्यास बरें म्हणून ही जाळी काढून कांदाचाळींत फेंकणारे तरुण आम्हीं पाहिले आहेत. घरांतल्या वडील माणसांनीं ती शोधून पुन्हां बसवावी.

ब्रेकांचें घरगुती काम एवढेंच कीं पायाचा ब्रेक किती दाबल्यावर लागतो, हाताचा किती ओढल्यावर लागतो, हें आठवड्यास एकदां पाहावें आणि मागच्या नटानें सैलपणा पुस्तिकेप्रमाणें ठेवावा. ड्रमवरील बाण झिजेच्या खुणेस भिडला असेल तर शू संपले. मग नट आवळीत बसणें हें स्वतःस फसविणें होय. ब्रेकाच्या आंत तेलाचा थेंब जातां कामा नये. मागें कांद्याची गोणी लादली कीं थांबण्यास अंतर अधिक लागतें आणि दिव्याचा झोत वर चढून समोरच्याचे डोळे दिपवितो, हेंही विसरूं नये. टायरांतील हवा एकट्यासाठीं वेगळी व ओझ्यासाठीं वेगळी असते. आंकडे बहुधा साखळीच्या झांकणावरच छापलेले असतात. बॅटरीचें काम करतांना ऋण टोंक प्रथम सोडावें, व जोडतांना तें शेवटीं जोडावें.

कोठें थांबावें हेंही सांगितलें पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाल्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बुरेटर नाहीं. पेट्रोल विद्युत्-यंत्रणेनें फवारलें जातें. तेथें वाटीचा स्क्रू शोधूं नये. इंजिनाच्या चित्राचा दिवा पेटून राहिला तर गाडी जाणत्याकडे न्यावी. पेट्रोलाचा पंप टाकींत बुडालेला असून पेट्रोलानेंच थंड राहतो, म्हणून अशा गाडीची टाकी कोरडी होईपर्यंत चालवूं नये. तसेंच डिस्क ब्रेकाचें तेल, पुढच्या फोर्काचीं सीलें व इंजिनाचें पोट हीं मिस्त्रीचीं कामें; तीं घरीं उघडणाराचे सुटे भाग गोणींत भरून न्यावे लागतात, हें आम्हीं स्वानुभवानें सांगतों.

एवढ्यासाठीं लागणारीं हत्यारें म्हणजे पान्यांचा जोड, प्लग पाना, पेचकस, पक्कड, हवेचें मापक, थोडें फडकें आणि गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका. पुस्तिका बहुधा देव्हाऱ्यामागें किंवा खरेदीच्या कागदांत सांपडते. पुढील अंकीं याच पद्धतीनें विहिरीवरील ऑईल इंजिनाविषयीं लिहूं. ज्या बंधूंस त्याविषयीं कांहीं विशेष अडचण असेल, त्यांनीं ती सुगी सुरू होण्यापूर्वीं आमच्याकडे लिहून पाठवावी.