वडिलांच्या कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी



बंदीच्या दिवसांत बोटी किनाऱ्याला लागल्या की घराघरांत जुने हिशेब निघतात. आपल्या एका सभासदाने असाच प्रश्न सोसायटीत आणला. त्यांची भाची लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली, नई सडकेजवळ राहते. तिचे वडील वारले. आता काका म्हणतात, "इंजिनासाठी माझ्याकडून दीड लाख घेतले होते, व्याजासकट पाच लाख झाले." भाऊ म्हणतो, निम्मे तर मासळीच्या पैशातून कधीच फिटले. काकांनी कर्ज मान्य असल्याचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. भाची मामाला विचारते, सही करू का?

नाव-गाव सांगत नाही. पण हा प्रश्न उद्या कोणाच्याही घरी येईल, म्हणून लिहितोय.

आम्ही मामांना सांगितलं, आधी हिशेब, मग सही. उसनवारीच्या पैशाला कोर्टात साधारण 3 वर्षांची मुदत असते. मुदतीच्या आत लेखी कबुली दिली की मुदत नव्याने सुरू होते. मुदत संपल्यावरही "फेडीन" असं सहीनिशी लिहून दिलं, तर तो नवा करार धरला जातो. म्हणून "नुसती सही तर आहे" असं समजू नका.

दुसरं, वारसाची जबाबदारी मयताकडून जेवढी मालमत्ता हातात आली तेवढ्यापुरतीच. भाचीच्या नवऱ्याच्या पगाराला किंवा तिच्या स्वतःच्या दागिन्यांना हात लावता येत नाही. मुलग्यांसाठीही कायदा बदललाय. 9 सप्टेंबर 2005 नंतर बापाने काढलेलं कर्ज केवळ "मुलाचं धर्मकर्तव्य" म्हणून कोर्टातून वसूल करता येत नाही.

तिसरं, व्याज. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम आहे, थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. म्हणजे दीड लाख खरे धरले, एक पैसा फिटला नाही असं मानलं, तरी तीन लाखांच्या वर आकडा जात नाही. पाच लाख आले कुठून? आणि व्याजाचा धंदाच करणाऱ्याला महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवाना लागतो.

मग करायचं काय? इंजिनाचं बिल, बँकेचं पासबुक, व्यापाऱ्याच्या पट्ट्या, डिझेलची वही काढा. बोट कोणाच्या नावावर आहे ते बघा. काका, भाऊ, मामा आणि गावातली दोन जाणती माणसं एकत्र बसवा, भाचीला फोनवर घ्या. जे खरं निघेल ते हप्त्याने द्या आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. कायद्यातून सुटतं म्हणून खरं देणं बुडवू नका. काकांनी अडचणीत पैसे दिले असतील तर ते उपकारच आहेत.

बैठकीत जमलं नाही तर विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो, भाचीला ग्वाल्हेरमध्येही मिळेल. फोन 15100. लोकअदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या हुकुमासारखीच असते.

आणि ज्यांचे आईवडील आज हयात आहेत त्यांनी एवढं करा. घेतलेले-दिलेले पैसे त्यांच्यासमोरच वहीत लिहा, दोघांच्या सह्या घ्या. कागद वाचायला अडचण आली तर सोसायटीच्या ऑफिसात घेऊन या, सोबत बसून वाचू.

आपला,
सचिव