पावडर घेतली की गोळ्या बंद?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी आली. कारण, मुलाचं औषध. विचारल्यावर कळलं की मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या चालू आहेत, पण कुणीतरी ‘अँटिऑक्सिडंट’ पावडर सुचवलीय. तीन महिन्यांचा कोर्स, सहा हजार रुपये. वर असंही सांगितलंय, की ही सुरू केली की गोळ्या बंद करता येतील. कर्ज द्यायचं की नाही हे गट ठरवेल. पण त्या पावडरीमागे काय आहे, हे सगळ्यांना माहीत हवं.

नाव अवघड आहे, गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. शेंगदाण्याचं कूट उघडं राहिलं की खवट होतं. हवेतल्या ऑक्सिजनने त्यातलं तेल बिघडतं. चटणी-मसाले करणाऱ्या गटांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं. शरीरातही असंच होतं. पेशी ऑक्सिजन वापरून शक्ती तयार करतात, तेव्हा थोडे उपद्रवी कणही तयार होतात आणि ते आसपासच्या स्निग्ध पदार्थांना बिघडवतात. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण त्याला ऑक्सिजन लागतो जवळजवळ २० टक्के. शिवाय त्यात स्निग्ध पदार्थ भरपूर. म्हणजे धोका जास्त.

हे कण आवरायला पेशीत विकरं असतात, डॉक्टर त्यांना एन्झाइम म्हणतात. मुख्य तीन : सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. (नावं पाठ करू नका, मलाही वेळ लागला.) पहिलं त्या कणांचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, बाकीची दोन त्याचं पाणी करून टाकतात. कण वाढले आणि विकरं पुरी पडली नाहीत, की त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. आपण ज्याला टेन्शन म्हणतो, तो हा ताण नव्हे.

यावर आपल्या पुण्यातच काम झालंय. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले डॉ. रांजेकर, अमेरिकेत संशोधन करणारे डॉ. महाडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त तपासलं. संरक्षण करणारी विकरं आणि चांगली स्निग्धाम्लं कमी आढळली, असं त्यांनी २००३ मध्ये मांडलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात ३३ रुग्णांना ४ महिने ओमेगा-३ आणि ई व क जीवनसत्त्व दिलं, तेव्हा लक्षणं कमी झाली.

मग पावडरवाला खरं बोलतो का? नाही. एक तर हा अभ्यास छोटा होता, आणि तुलनेला खोटी गोळी घेणारा दुसरा गट नव्हता. नंतर इतर ठिकाणी निकाल उलटसुलट आले. कुठे विकरं कमी, कुठे जास्त. आहार, तंबाखू, चालू औषधं यांनीही हे आकडे बदलतात, म्हणून विकरं मोजून हा आजार ओळखताही येत नाही. “फायदा नाही झाला तरी तोटा काय,” असं एक ताई म्हणाल्या. नॉर्वेतल्या २०१३ च्या अभ्यासात ज्यांच्या रक्तात स्निग्धाम्लं कमी होती अशा रुग्णांना नुसतं ओमेगा-३ किंवा नुसती जीवनसत्त्वं दिली, तर आजार वाढला. तेव्हा डॉक्टरांना न विचारता काही सुरू करू नका. जवसाची चटणी, पालेभाज्या, आवळा खुशाल खा, ते जेवण आहे. गोळ्या मात्र मनाने थांबवल्या तर आजार उलटण्याची भीती मोठी असते.

मला या संशोधनातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं. रक्तात फरक दिसतो, म्हणजे हा शरीराचा आजार आहे. करणी नाही, बाहेरची बाधा नाही, आणि आईने नीट वाढवलं नाही म्हणून तर मुळीच नाही. हे शेवटचं आपल्या बायकांना फार ऐकावं लागतं.

येरवडा म्हटलं की आपल्याकडे चेष्टा सुरू होते. पण तिथल्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, ससूनमध्येही आहे. प्रत्येकाला भरती करत नाहीत, बरेच जण तपासून, गोळ्या घेऊन घरी येतात. जायच्या आधी बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. दवाखान्यात जाताना जुनी चिठ्ठी आणि ती पावडर, दोन्ही बरोबर न्या आणि डब्यावरचं लेबल डॉक्टरांना दाखवा.