शेजारी म्हणजे भाऊबंद नव्हे

दहावीच्या पुस्तकातली आवर्तसारणी बहुतेकांनी परीक्षेपुरती पाठ केली. तिच्याविषयीचे गैरसमज मात्र परीक्षेनंतरही टिकून आहेत.

मूलद्रव्ये वजनाने मांडली आहेत, हलकी आधी आणि जड नंतर, हा त्यातला पहिला. ही सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये सुरुवात तशीच केली. पण टेल्युरियम (अणुभार १२७.६) आयोडीनपेक्षा (१२६.९) जड असूनही त्यांनी ते आधी बसवले, कारण आयोडीनचे गुण क्लोरीन-ब्रोमीनशी जुळत होते. १९१३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मोझली यांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांनी ही मांडणी खरी ठरवली. क्रम लागतो तो अणुकेंद्रातल्या प्रोटॉनच्या संख्येने, म्हणजे अणुअंकाने: टेल्युरियम ५२, आयोडीन ५३.

दुसरा समज जास्त पसरलेला: शेजारच्या चौकटीतली मूलद्रव्ये सारखी असणार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीची चांदी घ्या. तिचा अणुअंक ४७, उजवीकडे कॅडमियम ४८. पण तिची भाऊबंदकी वरच्या तांब्याशी (२९) आणि खालच्या सोन्याशी (७९). तिघांच्याही बाहेरच्या कवचात एकेकच इलेक्ट्रॉन. तिन्ही धातू मऊ, तार ओढता येणारे, उत्तम वीजवाहक. हुपरीचे पैंजण, कोल्हापूरच्या गुजरीतला सोन्याचा साज आणि घरातला तांब्याचा हंडा अशा रीतीने एकाच गणातले, म्हणजे एकाच उभ्या स्तंभातले. तरीही हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी पैंजण काळे पडतात, सोने पडत नाही. नाते असले तरी स्वभाव आपापला.

उलट चांदीच्या शेजारचे कॅडमियम ३२१ अंश सेल्सिअसलाच वितळते, चांदी ९६२ ला. म्हणून तर दागिन्यांचे जोड झाळताना ते वापरले जाई. ‘केडीएम’ हा सोन्याच्या शुद्धतेचा शिक्का आहे असे मानणारे अजून भेटतात. ते नुसते कॅडमियम, आणि त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक.

तिसरा समज, आवर्तसारणी ही नुसती सापडलेल्या मूलद्रव्यांची यादी आहे. मेंडेलीव्ह यांच्यापुढे ६३ मूलद्रव्ये होती, तरी ॲल्युमिनियमखालची जागा त्यांनी रिकामी सोडली आणि तिथे येणाऱ्याची घनता ५.९ असेल असे सांगून टाकले. ते गॅलियम. कोल्हापूर जिल्ह्यातच राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीला बॉक्साइट खणले गेले ते ॲल्युमिनियमसाठी. जगातले बहुतेक गॅलियमही बॉक्साइटवरच्या प्रक्रियेतूनच मिळते, कारण एका गणातली ही दोघे खनिजातही एकमेकांची जागा घेतात. १८७५ मध्ये फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ ब्वाबोद्राँ यांनी गॅलियम शोधले आणि घनता ४.७ मोजली. गॅलियम कधी पाहिलेही नसलेल्या मेंडेलीव्ह यांनी कळवले, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. मोजली, तर ५.९ भरली.