कापलेल्या पाऊण तासाची गोष्ट

नोव्हेंबर २०२३मध्ये रिडली स्कॉटचा ‘नेपोलियन’ चित्रगृहांत लागला, तेव्हा तिकीट काढणाऱ्या कितीतरी प्रेक्षकांना एक गोष्ट आधीच ठाऊक होती. पडद्यावर दिसणार होती ती १५८ मिनिटे; पण चार तासांहून लांब आवृत्ती आपल्याकडे आहे, तीत नेपोलियनची पत्नी जोसेफिन जास्त आहे, असे स्कॉटने प्रदर्शनाच्या आधीच मुलाखतींत सांगून ठेवले होते. चित्रपटामागे पैसा ॲपलचा होता, त्यामुळे मोठी आवृत्ती पुढेमागे त्यांच्या वाहिनीवर येणार हेही उघड होते. मग आता जावे की थांबावे? ऐतिहासिक भव्यपटाचे चाहते या प्रश्नावर हिरीरीने वाद घालत होते. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाच्या बाबतीत हा वाद इतका रंगला नसता. स्कॉटच्या बाबतीत रंगला याचे कारण अठरा वर्षे जुने होते, आणि त्याचे नाव ‘किंगडम ऑफ हेवन’.

मे २००५मध्ये आलेला हा चित्रपट बाराव्या शतकातल्या जेरुसलेमचा. तिथे ख्रिस्ती सरदारांचे राज्य आहे, गादीवर कुष्ठरोगाने पोखरलेला तरुण राजा चौथा बाल्डविन आहे आणि सीमेपलीकडे सलाहुद्दीन वाट पाहतो आहे. फ्रान्समधला लोहार बेलियन या सगळ्यात येऊन पडतो. मोरोक्कोतल्या वार्झाझात इथे जेरुसलेमचा प्रचंड तट उभारला होता. पटकथा विल्यम मोनाहनची, छायाचित्रण जॉन मॅथिसनचे. एवढे सगळे असूनही १४४ मिनिटांचा तो चित्रपट पाहून प्रेक्षक गोंधळले. लढाया डोळे दिपवणाऱ्या, माणसे मात्र अशी का वागतात तेच कळेना. सुमारे तेरा कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत पाच कोटीही मिळवले नाहीत.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या एका चित्रगृहात याच चित्रपटाची लांब आवृत्ती गाजावाजा न होता लागली. पुढच्या वर्षी तिची डीव्हीडी निघाली. साधारण पाऊण तास जास्त, शिवाय जुन्या भव्यपटांच्या रिवाजाप्रमाणे आरंभसंगीत आणि मध्यंतर. आणि चित्रपट पालटला.

राजाची बहीण सिबिला हिचेच घ्या. इव्हा ग्रीनने ही भूमिका केली आहे. छोट्या आवृत्तीत भाऊ मरतो, सिबिला नावडत्या नवऱ्याच्या, म्हणजे गी द लुसिन्यानच्या, डोक्यावर मुकुट ठेवते आणि पुढे अचानक खंगत, केस कापत, आरशात भकास नजर लावून बसलेली दिसते. असे काय घडले तिच्या बाबतीत? चित्रगृहातल्या प्रेक्षकाला ते कळण्याचा मार्गच नव्हता, कारण तिचा मुलगा कापला गेला होता. लांब आवृत्तीत हा मुलगा मामाच्या मागून गादीवर बसतो. मोहोर उठवताना तापलेली लाख त्याच्या हातावर सांडते आणि पोराला चटका जाणवतच नाही. मामाचा रोग भाच्यापर्यंत आला आहे हे आईला त्या एका क्षणात उमगते. त्याचेही आयुष्य मामासारखे मुखवट्याआड सडत जाऊ नये म्हणून ती त्याला मांडीवर घेते आणि त्याच्या कानात विष ओतते. हा भाग पाहिल्यावर त्या आरशासमोरच्या प्रसंगात एक शब्दही जास्त लागत नाही.

बेलियनचेही तसेच. सुरुवातीला तो ज्या पाद्र्याला ठार मारतो तो त्याचा भाऊ आहे, हे लांब आवृत्तीतच कळते. एका लोहाराला किल्ला लढवण्याची विद्या कुठून आली, याचे उत्तरही तिथेच मिळते. पूर्वी त्याने लढाईत वेढ्याची यंत्रे उभारलेली असतात. कापाकापी करताना स्टुडिओने साहसपट राखला आणि कारणे काढून टाकली, असे दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहिल्यावर स्पष्ट दिसते.

इतिहासाच्या कसोटीवर मात्र लांबीने फारसा फरक पडत नाही. खरा इबेलिनचा बेलियन लोहार नव्हता, जेरुसलेमच्या राज्यातलाच बडा सरदार होता आणि त्याची बायको विधवा राणी मारिया कोम्नेनी. सिबिलाचा मुलगा पाचवा बाल्डविन ११८६मध्ये लहानपणीच वारला हे खरे. त्याला आईने विष दिल्याचा पुरावा नाही. चौथ्या बाल्डविनच्या रोगाची हकीकत त्याचा शिक्षक टायरचा विल्यम याने लिहून ठेवली आहे: खेळताना पोरे एकमेकांना चिमटे काढत, बाकीचे ओरडत, हा गप्प राही. चित्रपटातला हात पोळण्याचा प्रसंग या नोंदीच्या फार जवळ जातो. २ ऑक्टोबर ११८७ रोजी शहर सलाहुद्दीनच्या हवाली झाले ते बेलियनने वाटाघाटी करूनच. पुरुषामागे दहा दिनार आणि बाईमागे पाच, अशी सुटकेची खंडणी ठरली होती.

चित्रपट कापण्यामागचा हिशेब साधा असतो. अडीच तासांच्या चित्रपटाचे दिवसात जितके खेळ बसतात तितके सव्वातीन तासांच्या चित्रपटाचे बसत नाहीत. डेव्हिड लीनचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ डिसेंबर १९६२मध्ये झळकला आणि काही आठवड्यांतच त्यातली वीसेक मिनिटे गेली. पुढे आणखी कात्री लागली. रॉबर्ट हॅरिसने १९८९मध्ये तो पुन्हा जुळवला तेव्हा काही दृश्ये सापडली, पण त्यांचा आवाज नव्हता. पीटर ओ’टूल आणि ॲलेक गिनेस पाव शतकानंतर स्टुडिओत येऊन आपलेच संवाद पुन्हा बोलले. जॅक हॉकिन्स हयात नव्हता. त्याच्या जागी दुसऱ्या नटाचा आवाज वापरावा लागला.

पण नुसत्या लांबीवर भरवसा ठेवता येत नाही. ऑलिव्हर स्टोनच्या ‘अलेक्झांडर’ची २००५मधली ‘डायरेक्टर्स कट’ मूळ चित्रपटाहून आठ मिनिटांनी छोटी आहे! २००७मध्ये साडेतीन तासांची तिसरी आवृत्ती आली, २०१४मध्ये चौथी. दरवेळी प्रसंगांचा क्रम फिरला, सिकंदर मात्र हाती लागला नाही.

‘नेपोलियन’ची लांब आवृत्ती अखेर ऑगस्ट २०२४मध्ये आली. चार तासांची नव्हे, सुमारे तीन तास पंचवीस मिनिटांची. व्हेनेसा कर्बीची जोसेफिन तीत खरोखर भरीव होते. क्रांतीच्या धामधुमीतला तिचा तुरुंगवास आणि नंतरची ओढाताण दिसल्यामुळे या विचित्र सेनापतीशी ती संसार का मांडते ते पटते. पण वाकीन फीनिक्सचा नेपोलियन होता तसाच राहतो. तुलाँच्या वेढ्यापासून सेंट हेलेनापर्यंत, म्हणजे १७९३ ते १८२१, धावत सुटलेल्या पटकथेला पाऊण तास कसा पुरावा? या माणसामागे सैनिक बर्फातून चालत का गेले, हे कळायला हवे होते. ते चित्रितच झालेले नसावे असे वाटत राहते. ‘किंगडम’मध्ये हरवलेली वस्तू सापडली होती, इथे ती मुळात नव्हती.

मराठी प्रेक्षकाला वॉटर्लूच्या प्रसंगात एक माणूस ओळखीचा वाटायला हवा. रुपर्ट एव्हरेटने साकारलेला वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांशी लढाई केली. आपली सर्वांत मोठी कामगिरी कोणती, या प्रश्नाला त्याने वॉटर्लू नव्हे तर असई असे उत्तर दिल्याचे सांगतात. नेपोलियनवरच्या चित्रपटात असई येण्याचे कारण नाही, तरी ते नाव माहीत असलेल्याला वॉटर्लूच्या चिखलातला तो थंड चेहरा वेगळा दिसतो.

स्कॉटची आवृत्ती येण्याच्या काही आठवडे आधी, जुलै २०२४मध्ये, पॅरिसला आणखी एका नेपोलियनची प्रतीक्षा संपली होती. आबेल गान्सचा मूकपट ‘नापोलेओं’ एप्रिल १९२७मध्ये तिथल्या ऑपेरात प्रथम दाखवला गेला. शेवटाला तीन पडदे शेजारी शेजारी लावून. मग देशोदेशीच्या वितरकांनी त्याचे तुकडे केले. केव्हिन ब्राउनलो या इंग्रज मुलाला शाळकरी वयात त्याची दोन रिळे मिळाली आणि त्याने उरलेले आयुष्य बाकीची शोधण्यात घालवले. १९७९मध्ये अमेरिकेत टेल्युराइडच्या महोत्सवात त्याने जुळवलेला चित्रपट नव्वदीला टेकलेल्या गान्सने स्वतः पाहिला. त्यानंतर सिनेमातेक फ्रान्सेज या चित्रपट-संग्रहालयासाठी जॉर्ज मूरिए सोळा वर्षे खपला, आणि सात तासांची आवृत्ती वाद्यवृंदाच्या साथीने दोन भागांत दाखवली गेली. एवढ्या सात तासांत नेपोलियन १७९६च्या इटलीच्या मोहिमेपर्यंतच पोचतो. गान्सच्या मनात अशा सहा चित्रपटांची मालिका होती. त्यातला हा पहिला.