तिथी बघून कॅमेरा काढा

मालवणात मे महिन्यात कॅमेरा किंवा मोबाईल घेऊन किनाऱ्यावर जायचं तर आधी कालनिर्णय उघडावं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशोब. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी ऐन बाराच्या रणरणत्या उन्हात, फोटोला निरुपयोगी. अमावास्या-पौर्णिमेला मात्र भरती सव्वाअकराच्या सुमारास, आणि ओहोटी साधारण सहा तास मागेपुढे. पुढच्या दोन दिवसांत ती सकाळी पावणेसात-साडेसातवर सरकते. उधाणाची ओहोटी असल्याने पाणी खूप मागे हटतं आणि रॉक गार्डनजवळच्या कातळातली डबकी उघडी पडतात: समुद्रफुलं, शंख, खेकडे.

इथे सूर्य जमिनीकडून उगवतो. त्यामुळे सकाळी समुद्राकडे तोंड केलं की उजेड पाठीशी, रंग खरे. संध्याकाळी उलट, तेव्हा पक्ष्यांच्या, होड्यांच्या काळ्या आकृत्याच टिपाव्यात. डबक्यावरची चमक पोलरायझर फिल्टरने कमी होते, नाहीतर आपली सावली पाडावी. फुकटात काम होतं.

उलटलेला दगड तसाच परत ठेवावा. वायंगणीसारख्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली, तर फ्लॅश अजिबात नको. ती उजेडाच्या रोखाने चालतात, वाट चुकतात.