उंबराचं फूल कुठं लपतं?

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजाचं नाव काढलं की घरातली मोठी माणसं हात जोडतात. पाहिलंय ना? दत्त संप्रदायातले मोठे गुरू श्रीनृसिंह सरस्वती यांचं हे जन्मगाव. परंपरेनं त्यांचं जन्मवर्ष शके १३००, म्हणजे इसवी सन १३७८ मानतात. आडनाव काळे, वडील माधव, आई अंबा आणि बाळाचं नाव नरहरी.

हा नरहरी मोठा गमतीदार मुलगा होता! जन्मला तोच ॐ म्हणत, आणि पुढं सात वर्षं ॐशिवाय दुसरा शब्द नाही. कानानं ऐकू येतंय, सांगितलेलं सगळं समजतंय, पण बोलायचं नाव नाही. आईबाबांनी काय काय करून पाहिलं. कुणी म्हणालं, रविवारी पिंपळाच्या पानावर जेवायला वाढा. तेही झालं. शेवटी पोरानंच खुणेनं सांगितलं, माझी मुंज करा. मुंज झाली, आई भिक्षा घालायला पुढं आली, आणि इतके दिवस गप्प असलेला मुलगा घडाघडा वेद म्हणू लागला! सरस्वती गंगाधर यांच्या ‘गुरुचरित्र’ या ग्रंथात ही गोष्ट येते.

मग त्यानं घर सोडून निघायचं ठरवलं. आईच्या डोळ्यांना धार लागली. तेव्हा ‘तुला आणखी मुलं होतील’ असं तिला सांगून तो थांबला, धाकटे भाऊ जन्मेपर्यंत थांबला, आणि मगच काशीला गेला. (मला या चरित्रातली ही जागा फार आवडते. वेद येत होते, पण आईचं रडू आधी.) काशीत कृष्ण सरस्वती यांच्याकडून त्यांनी संन्यास घेतला, आणि नरहरीचे नृसिंह सरस्वती झाले.

पुढं ते गावोगाव फिरले. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी भिलवडीजवळ त्यांनी एक चातुर्मास काढला. त्या जागेचं नावच औदुंबर. मग कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर नरसोबाच्या वाडीला बारा वर्षं. त्यानंतर भीमा आणि अमरजेच्या संगमावरचं गाणगापूर. ते आज कर्नाटकात आहे.

गाणगापूरची एक गोष्ट ऐका. एक शेतकरी रोज शेतातून धावत येऊन स्वामींच्या पाया पडायचा. ‘तुला काय हवं?’ विचारलं, तर म्हणाला, ‘माझं ज्वारीचं पीक बघायला चला.’ स्वामी गेले आणि म्हणाले, ‘हे सगळं आत्ताच कापून टाक.’ दाणा भरलेला नाही, बायकामुलं ओरडतायत, गाव हसतंय, तरी त्यानं पीक कापलं. मग अवेळी मोठा पाऊस झाला. गावची उभी पिकं बुडाली, आणि याच्या कापलेल्या खुंटांना फुटवे येऊन कितीतरी पटींनी धान्य झालं. गोष्टीतला चमत्कार गोष्टीत राहू दे. पण ज्वारी जमिनीलगत कापली आणि ओल मिळाली, तर बुडख्याजवळचे डोळे फुटतात आणि नवी धाटं वर येतात, हे मात्र अगदी खरं. त्याला खोडवा म्हणतात. शेतावरच्या आजोबांना विचारा.

बघितलंत? या गुरूंच्या गोष्टींत सारखी झाडं भेटतात. पिंपळाचं पान, ज्वारीचे खुंट, आणि सगळ्यांत जास्त भेटतं ते औदुंबर, म्हणजे आपलं उंबर. म्हणून तर दत्ताच्या देवळापाशी बहुतेक ठिकाणी उंबर असतोच. पुराणकथा सांगते, की हिरण्यकशिपूला मारल्यावर विष्णूच्या नृसिंह अवताराच्या नखांची आग आग होऊ लागली, तेव्हा लक्ष्मीनं उंबराची फळं आणून दिली. त्यात नखं रोवली आणि दाह शमला.

आता मला सांगा, उंबराला फूल आलेलं कधी पाहिलंय? नाही ना? कुणी फार दिवसांनी दिसलं की आपण म्हणतो, ‘काय हो, उंबराचं फूल झालात!’ खरं तर फुलं असतात, आणि तीही रगड. पण सगळी आत! खोडाला आणि जाड फांद्यांना जे हिरवे गोळे लगडतात ना, तो एकेक गोळा म्हणजे आतून पोकळ अशी बंद खोली. तिच्या भिंतींना आतल्या बाजूनं शेकडो बारीक फुलं चिकटलेली असतात. खोलीला दार एकच, टोकाशी, आणि तेही खवल्यांनी गच्च बंद.

मग परागकण आत नेणार कोण? मधमाशी तर मावणार नाही. त्यासाठी उंबराचा स्वतःचा एक कीटक आहे. दोनेक मिलिमीटरची चिमुकली गांधीलमाशी. घाबरू नका, ही चावत नाही. तिची मादी वासानं बरोबर उंबर शोधते आणि दारावरच्या खवल्यांमधल्या फटीतून अंग कोंबत आत शिरते. फट इतकी अरुंद, की शिरता शिरता तिचे पंख तुटतात. म्हणजे परतीचा रस्ता संपला. आत ती काही फुलांत अंडी घालते. दुसऱ्या उंबरातून आणलेले परागकण तिच्या छातीवरच्या छोट्या खिशांत असतात. हो, खिसेच! त्यातले परागकण ती फुलांवर लावते, आणि तिथंच मरते.

काही आठवड्यांनी अंड्यांतली पुढची पिढी तयार होते. आधी नर बाहेर येतात. त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी जोडी जमवतात, उंबराच्या भिंतीला आतून बोगदा पाडतात, आणि संपले! त्यांनी आकाश पाहिलेलंच नसतं. नेमक्या याच सुमारास आतली नर फुलं पिकतात. माद्या खिसे भरून घेतात आणि नरांनी खोदलेल्या बोगद्यातून उडून जातात. पुढं त्यांच्या हातात जेमतेम एक-दोन दिवस. तेवढ्यात दुसऱ्या झाडावरचा नेमका कोवळा उंबर गाठायचा.

चोरही आहेत बरं का! दुसऱ्या जातीच्या काही गांधीलमाश्या आत शिरायचे कष्टच घेत नाहीत. बाहेर बसून पोटाच्या टोकाची केसाहून बारीक नळी उंबरात खुपसतात आणि आत अंडी घालतात. एवढी बारीक नळी मोडत कशी नाही? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली अशा एका जातीच्या नळीचं टोक तपासलं. टोकाला दात होते आणि त्यांत जस्त होतं. जस्त, म्हणजे धातू!

माद्या उडून गेल्या की उंबर मऊ होतो, लाल होतो, आणि वटवाघळं, खारी, पक्षी त्यावर तुटून पडतात. बिया लांब लांब पोचतात त्या त्यांच्या पोटातून. वड आणि पिंपळ हे उंबराचेच भाऊबंद. त्यांचीही फुलं अशीच आत, आणि त्यांच्या गांधीलमाश्या वेगळ्या. नरहरीला ज्या झाडाच्या पानावर जेवायला वाढलं, त्याचंही गुपित हेच.

‘उंबर फोडून केंबरं (म्हणजे आतले बारीक कीटक) काढू नका’ असं मोठी माणसं म्हणतात. तुम्ही मात्र खुशाल काढा! झाडाखाली पडलेले उंबर वेचा, देवळातलं झाड ओरबाडू नका. एक हिरवा आणि एक लालसर, दोन्ही आडवे कापा. सुरी मोठ्या माणसाच्या हाती द्या. भिंग असेल तर उत्तम. लालसर उंबर कापायच्या आधी त्याच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसतं का ते शोधा. दिसलं, तर माद्या निघून गेल्या. नसलं, तर तो आधी पांढऱ्या कागदावर ठेवा आणि मगच कापा, म्हणजे आतले कीटक बाहेर पडताना नीट दिसतील.